तळ दिसला पाहिजे

मुंबईच्या जुन्या भागात पाण्याची नावं फार आणि पाणी कमी. धोबीतलावाला तलाव नाही. गवालिया टँकला, जिथे एकेकाळी गवळी गुरं धुवायला आणत, तिथे आता ऑगस्ट क्रांती मैदान आहे. गिरगावात सी. पी. टँकच्या स्टॉपवर उतरून कुणी ‘तळं कुठंय हो?’ म्हणून विचारलं तर शेजारचा भाजीवालासुद्धा हसेल. तळी बुजली, विहिरीही गेल्या. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल लिहिला, विहिरींतच तो डास वाढतो असं दाखवून दिलं, आणि त्यानंतर वाड्यांमधल्या कितीतरी विहिरी बुजवल्या गेल्या, नाहीतर झाकल्या गेल्या. उरलेल्यांत गप्पी मासे सोडले. साठलेल्या पाण्याचं असंच असतं. त्याच्याकडे लक्ष नाही दिलं, की त्यात आपल्याला नको असलेलं कोणीतरी राहायला येतं.

पण गंमत बघा, तळी परत आली आहेत! फक्त ती आता जमिनीवर नाहीत. परळ-लालबागला गिरण्यांच्या आणि चाळींच्या जागी ज्या उंच इमारती झाल्या, त्यांत खाली चार-पाच मजले मोटारींचे, त्यांच्या डोक्यावर गच्ची, आणि त्या गच्चीवर निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव. चाळीत असताना ज्यांनी सकाळी चारला उठून पिंप भरलं, त्यांच्या नातवंडांना घराखाली लाखभर लिटर पाणी खेळायला. आमच्या वन्सं अशाच एका इमारतीत राहतात. सोसायटीच्या कमिटीवर आहेत, आणि कमिटीत बाई एकटी असली की तिच्याकडे जी कामं येतात ती त्यांच्याकडे आहेत: बाग, मुलांचे कार्यक्रम आणि हा तलाव.

गेल्या गणपतीत या तलावाचं पाणी हिरवं झालं.

लालबागचे गणपतीचे दहा दिवस म्हणजे काय हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. नवसाची रांग, मुखदर्शनाची रांग, रस्ते बंद, दूधवालासुद्धा वळसा घालून येतो. तिसऱ्या दिवशी फिल्टरची मोटर जळली. दुरुस्ती करणारा म्हणाला, ‘विसर्जनानंतर येतो.’ तलाव सांभाळणारा मुलगा गावी गेलेला. वर एक दिवस सर, एक दिवस चटका देणारं ऊन. चवथ्या दिवशी भिंतींना बुळबुळीत लागायला लागलं, सातव्या दिवशी पाणी पोपटी, आणि अनंत चतुर्दशीला वन्संनी मला गच्चीवर नेलं तेव्हा ते पालकाच्या सुपासारखं दिसत होतं. पहिली पायरी दिसत होती. दुसरी नव्हती.

शेवाळ म्हणजे घाण नव्हे, ती वनस्पती आहे. डोळ्यांना एकेकटी दिसणार नाही इतकी लहान, पण झाडच. तिला ऊन हवं, ऊब हवी, आणि खायला पावसाबरोबर आलेली धूळ, पानं, आपल्या अंगाचा घाम, साबण, तेल यांतून उतरणारं खत हवं. घरात मनीप्लँट काचेच्या बाटलीत लावलं तर महिन्याभरात बाटली आतून हिरवी होते, आणि तेच रंगीत डब्यात लावलं तर होत नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. कारण एवढंच, की उजेड मिळत नाही. मलबार हिलवर हँगिंग गार्डनमध्ये आपण मुलांना म्हातारीचा बूट दाखवायला नेतो ना, त्या परिसरात बागेखाली शहराला पाणी देणारी टाकी आहे. वर हिरवळ, आत काळोख, म्हणून टाकीतल्या पाण्यात हिरवळ नाही. पोहण्याच्या तलावावर अशी बाग करता येत नाही. तिथे शेवाळाला रोखून धरतं ते क्लोरीन आणि फिरतं पाणी. दोन्ही एकदम बंद पडली, की उरलेलं काम ऊन करतं.

सोसायटीतल्या बहुतेकांचा पहिला सल्ला होता, पाणी सोडून द्या आणि टँकर मागवा. वन्संनी हिशेब मांडला. तलाव पंधरा मीटर लांब, सहा मीटर रुंद, खोली सरासरी एक मीटर वीस सेंटिमीटर. म्हणजे एक लाख आठ हजार लिटर. दहा हजारांचा टँकर धरला तर अकरा टँकर! शिवाय भिंतींना शेवाळ चिकटलेलंच, ते नव्या पाण्यात पुन्हा वाढणार. (तलाव जमिनीत खणलेला असेल तर पावसाळ्यात रिकामा करणं आणखी वाईट. भोवतालच्या ओल्या जमिनीतलं पाणी रिकामं भांडं खालून उचलतं, आणि फरशी फुटते.) पाणी ठेवायचं आणि तेच स्वच्छ करायचं, असं ठरलं.

मोटर नवी आली, मुलगा गावाहून आला. ‘काकी, दोन दिवसांत काच करून देतो,’ म्हणाला. काच व्हायला सात दिवस लागले, पण मुलगा कामाचा होता.

त्याने क्लोरीनच्या डब्याला हात लावण्याआधी पाण्याचा सामू तपासला, ज्याला ही मंडळी ‘पीएच’ म्हणतात. तो आठच्या वर गेला होता. शेवाळ वाढताना पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं आणि सामू चढतो. चढलेल्या सामूत क्लोरीन आळशी होतं. साडेसातला त्यातलं निम्मं कामाचं, आठला जेमतेम पाव. आपल्या अर्ध्याअधिक लोकांचे पैसे इथेच पाण्यात जातात. डब्यावर डबे ओततात आणि मग पावडर खोटी आहे म्हणतात. त्याने आधी आम्ल घालून सामू सव्वासातवर आणला, आणि मग चार तास काही केलं नाही. आम्ल आणि क्लोरीन एकमेकांना भेटता कामा नयेत, त्यांतून विषारी वायू निघतो. आपणही बाथरूम धुताना फरशीचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकदम टाकतो, ‘डबल स्वच्छ’ म्हणून. कृपा करून टाकू नका. खोकला आला की ‘वास उग्र आहे’ एवढंच म्हणून दार लावून घेतात काहीजणी. तो वास म्हणजे तोच वायू.

तेवढ्यात लांब दांड्याच्या ब्रशने भिंती, पायऱ्या, शिडीच्या मागची बाजू सगळं घासून काढलं. शेवाळावर एक चिकट साय असते, ती फोडल्याशिवाय औषध आत जात नाही. क्लोरीन घातलं सूर्य मावळल्यावर, कारण उन्हात ते उडून जातं. पावडर पासष्ट टक्क्यांची होती, लाखभर लिटरला पावणेदोन किलो. बादलीत आधी पाणी घेऊन त्यात पावडर टाकायची. पावडरीवर पाणी ओतायचं नाही. फिल्टर दिवस-रात्र चालू. फिल्टरवर दाबाचा काटा असतो, तो चढला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुवायची. त्या चार दिवसांत ती किती वेळा धुतली याची गणती नाही.

दुसऱ्या सकाळी पाणी हिरवं राहिलं नव्हतं. राखाडी-निळं झालं होतं. संध्याकाळी पुन्हा क्लोरीन, कारण पहिलं सगळं शेवाळाने खाऊन टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी पाणी पांढरट निळं, दुधात पाणी घातल्यासारखं.

आणि भांडण इथे झालं. रविवारी मुलांच्या पोहण्याच्या शर्यती ठरल्या होत्या. बक्षिसं आणलेली, पाहुणे बोलावलेले. कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, ‘रंग गेला ना? जंतू मेले ना? मग उघडा.’ बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. क्लोरीन खाली आल्यावर त्या पाण्याने कुणी आजारी पडलं असतं असं मला वाटत नाही. पण वन्संनी तलावाच्या खोल बाजूला एक पाच रुपयांचं नाणं टाकलं आणि विचारलं, ‘दिसतंय?’ दिसत नव्हतं. ‘मग मूल दिसेल?’

बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हात हलवून ओरडत नाही. तोंड पाण्याखाली गेलं की ओरडायला श्वासच नसतो. ते गप्प खाली जातं, आणि वाचवायला हातात मिनिटं मोजकी असतात. पाणी नितळ असेल तर काठावर बसलेली आजीसुद्धा ‘अरे, तो बघ’ म्हणू शकते. गढूळ पाण्यात पट्टीचा पोहणारा उतरला तरी त्याला चाचपडत शोधावं लागतं. खोल भागाच्या तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसली नाही तर कुणालाही पाण्यात सोडायचं नाही, हा जगभरातल्या तलावांचा नियम त्यासाठीच आहे. शर्यती पुढे गेल्या. वन्संशी दोन घरं आठवडाभर बोलत नव्हती.

दादरला शिवाजी पार्कजवळ महापालिकेचा महात्मा गांधी जलतरण तलाव आहे. मध्य मुंबईतल्या किती मुलींनी तिथे बायकांच्या वेळेत पहिल्यांदा पाण्यात तोंड घातलं असेल! तिथे २०२३ च्या ऑक्टोबरात एक नवलच घडलं. सकाळी तलाव उघडण्याआधी पाण्याकडे नजर टाकताना कर्मचाऱ्यांना आत मगरीचं पिल्लू दिसलं. दोनेक फुटांचं. ते धरून वनखात्याकडे दिलं, कुणाला इजा झाली नाही. आपण सगळ्यांनी ती बातमी हसत वाचली. पण पाणी लालबागच्या त्या पाण्यासारखं असतं, तर सकाळच्या पहिल्या तुकडीतल्या कुणाच्या तरी पायालाच ते आधी कळलं असतं.

हिरव्या पाण्याची लाज वाटून घेऊ नये, हे मी वन्संना रिओचं सांगून पटवलं. २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये सूर मारण्याच्या तलावाचं पाणी एका दिवसात निळ्याचं हिरवं झालं, साऱ्या जगाने टीव्हीवर बघितलं. कुणीतरी ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं होतं. ते एरवी स्वच्छतेचंच द्रव्य, पण क्लोरीनशी गाठ पडली की दोन्ही एकमेकांना निकामी करतात. पहारेकरी गेला, शेवाळाला रान मोकळं. शेजारच्या वॉटर पोलोच्या तलावाचीही तीच गत. सूर मारणारे हिरव्या पाण्यात सूर मारत राहिले. पण सिंक्रोनाइज्ड स्विमिंग, म्हणजे जोडीने करायचा पाण्यातला नाच, त्याला ते चालेना. एकमेकींना पाण्याखाली बघितल्याशिवाय ताल कसा धरणार? शेवटी तिथे सदतीस लाख लिटर पाणी काढून सरावाच्या तलावातलं स्वच्छ पाणी भरलं. त्यांना वेळ नव्हता आणि पाणी होतं. लालबागचं नेमकं उलटं.

तर तो पांढरेपणा. तो म्हणजे मेलेलं शेवाळ. क्लोरीन मारतं, उचलून नेत नाही. नेण्याचं काम फिल्टरचं, पण ही मढी इतकी बारीक की वाळूच्या फटीतून सहज पलीकडे जातात आणि फिरून तलावात येतात. मुलाने रात्री अंधार पडल्यावर क्लोरीन मोजलं, पहाटे उजाडायच्या आत पुन्हा मोजलं. जवळजवळ तेवढंच भरलं. म्हणजे आता खाणारं कुणी जिवंत उरलं नव्हतं. अशा पाण्यात आणखी क्लोरीन घालणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. चवथ्या-पाचव्या दिवशी नुसता फिल्टर चालवून थोडा फरक पडला, पण नाणं काही दिसेना.

मग मुलगा म्हणाला, ‘काकी, तुरटी आणा.’

वन्सं हसायलाच लागल्या. त्यांचं लहानपण कोकणातलं. पावसाळ्यात विहिरीचं पाणी लाल आलं की त्यांची आजी हंड्यात तुरटीचा खडा दोनदा फिरवायची, आणि खडा नसेल तर निवळीची बी सहाणेवर उगाळून ते गंध पाण्यात कालवायची. निवळी हे झाडाचं नाव आणि निवळणं ही क्रिया, दोन्ही भाषेत शेजारी शेजारी नांदतात. भांडुपला आपल्या नळाचं पाणी शुद्ध होतं तिथेही हेच तत्त्व: तुरटी किंवा तिच्याच जातीचं द्रव्य आधी, गाळणं नंतर, क्लोरीन शेवटी. बारीक कण एकमेकांना ढकलतात म्हणून तरंगत राहतात. तुरटी ती ढकलाढकल थांबवते, स्वतः पाण्यात फुलून कापसासारखे पुंजके धरते, कण त्यांत अडकतात आणि वजनाने खाली बसतात.

शंभर घनमीटरला चार-पाच किलो तुरटी. तुरटी पाणी आंबट करते, म्हणून आधी खायचा सोडा विरघळवून घातला. तुरटीची पूड बादल्यांत कालवून सगळीकडे शिंपडली, तासभर पाणी फिरवलं, आणि मग फिल्टर रात्रभर बंद. इतके दिवस घरघरणारी मोटर थांबली तेव्हा गच्ची एकदम शांत वाटली, असं वन्सं सांगत होत्या. सकाळी मीही गेले होते. रात्रभर ठेवलेल्या ताकावर जशी निवळ येते तसं वरचं पाणी झालं होतं, आणि तळाला राखाडी गालिचा.

हा गालिचा उचलणं हे खरं कौशल्य. लांब नळीचा झाडू तळावरून इतका सावकाश फिरवायचा, की बघणाऱ्याला जांभया याव्यात. जरा जोर लावला तर ढग पुन्हा वर येतो आणि आणखी एक रात्र जाते. ओढलेलं पाणी फिल्टरमध्ये जाऊ द्यायचं नाही, थेट गटारात. नाहीतर वाळू लपदून बसते. मुलाने सकाळी सातला सुरुवात केली, दुपारी जेवणापुरता थांबला, चारला संपवलं. पाणी वीतभर उतरलं, दोन टँकर लागले. अकरा नव्हे, दोन. सहाव्या दिवशी नाणं दिसायला लागलं. सातव्या दिवशी वन्संनी काठावरून विचारलं, ‘छापा का काटा?’ आणि खालच्या मजल्यावरच्या चौथीतल्या मुलीने बरोबर सांगितलं, तेव्हा कुलूप निघालं.

बायकांकडून एक प्रश्न हमखास येतो, केसांचा. पोहून केस हिरवट होतात ते क्लोरीनने नव्हे, तांब्याने. काही ठिकाणी शेवाळ येऊ नये म्हणून पाण्यात मोरचूद टाकतात, तेच ते निळे खडे, द्राक्षाच्या बागेवर फवारतात त्यातले. आपल्या काळ्या केसांवर तो रंग फारसा कळत नाही, पिकलेल्यांवर कळतो. उतरण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवून घ्यावेत. भिजलेला केस तलावाचं पाणी कमी पितो. आणि अंगावर पाणी घेऊनच उतरावं. तलावाचा जो डोळे चुरचुरणारा वास येतो, तो क्लोरीन जास्त झाल्याचा नसून घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनची गाठ पडल्याचा असतो. बऱ्याचजणी हे ऐकून नाक मुरडतात, पण आंघोळ टाळायच्या त्या टाळतातच.

मोरचुदाने मासेही मरतात. क्लोरीननेही मरतात. म्हणजे पोहण्याच्या तलावाचे हे सगळे उपाय जिथे काही जगतं तिथे एकदम बाद होतात, आणि असं एक तळं दक्षिण मुंबईत अजून शिल्लक आहे. वाळकेश्वरला उतरतीच्या गल्लीने खाली गेलं की देवळांच्या मध्ये बाणगंगा. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाणी गोडं, जिवंत झऱ्याचं. ११२७ साली शिलाहारांच्या दरबारातल्या लक्ष्मण प्रभूंनी ते बांधलं असं सांगतात. १७१५ च्या सुमाराला रामा कामतांच्या देणगीतून त्याचा जीर्णोद्धार झाला. भोवती दगडी पायऱ्या, पाण्यात बदकं, मासे. पाणी बहुतेक वेळा हिरवंच, आणि तेवढं हिरवं असायला हरकत नाही. त्यावरच तिथलं जगणं चालतं.

बिघडतं ते भाद्रपदात. पितृपक्षात इथे श्राद्धाला गर्दी उसळते, सर्वपित्री अमावास्येला तर पायरीवर पाय ठेवायला जागा नसते. पिंडांचा भात, पीठ, दूध, तीळ, फुलं पाण्यात जातात. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. त्या खतावर शेवाळ माजतं. दिवसा ते प्राणवायू देतं, पण रात्री स्वतःच ओढतं. म्हणून पहाट ही माशांची सगळ्यात वाईट वेळ. अमावास्येनंतर पांढऱ्या पोटांचा खच वर आल्याची बातमी कितीतरी वर्षं पेपरात येते आहे. इथे तुरटी नाही, पावडर नाही, रात्रभर चालणारा फिल्टर नाही. पाण्यात हवा खेळवायची आणि पडलेलं भराभर उचलायचं, एवढंच हाती राहतं. पिंड पाण्यात न सोडता वरच्या पायरीवर पानावर ठेवला तरी तिथले कावळे तो घेतात. आणि दूध दोन थेंब सोडलं काय नि पिशवी ओतली काय, पितरांना पोचायचं तेवढंच पोचतं, असं तिथल्या एका वयस्कर भटजींनी मला हसत हसत सांगितलं.